जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये नवे इंजिन: काय बदलते आणि काय बदलू नये

ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने, म्हणजे डीव्हीएलएने, ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या गाड्यांविषयीचे आपले धोरण बदलले. गाडीच्या सांगाड्यात मोठे फेरफार झाले असतील किंवा तिच्यात विजेची मोटर बसवली असेल, तरीही खात्याला तसे रीतसर कळवल्यास गाडीला तिचा मूळ नोंदणी क्रमांक ठेवता येईल, असे नवे धोरण सांगते. बाहेरच्या माणसाला ही निव्वळ कागदोपत्री बाब वाटेल. परंतु ज्यांच्या गॅरेजमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एमजी, ट्रायम्फ किंवा लोटस उभी आहे, त्यांच्यासाठी एक जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे. अशा गाडीत आजचे इंजिन बसवावे का, बसवल्यास गाडीत आणखी काय काय बदलावे लागते, आणि एवढे सगळे बदलल्यावर ती गाडी तीच राहते का?

उदाहरणासाठी मी मुख्यतः एकच गाडी घेतो, ती म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या आणि खुद्द कारखान्यापासून घरगुती हौशी मेकॅनिकपर्यंत अनेकांनी तिच्यावर इंजिनबदलाचे प्रयोग केले. आपल्याकडे आज हेक्टरसारख्या गाड्यांवर जे अष्टकोनी चिन्ह दिसते ते याच एमजीचे, म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचे. एमजीबीच्या इंजिनाशी तर आपली ओळख त्याहून जुनी आहे. अ‍ॅम्बॅसेडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे राबलेले १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १,७९८ सीसीचे इंजिन ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने त्या घराण्याला ‘बी सिरीज’ असे नाव दिले होते.

मूळ इंजिन वाईट होते का?

नव्हते. बी सिरीजचे मूळ १९४७ च्या ऑस्टिन ए-४० या साध्या घरगुती गाडीपर्यंत जाते. जाड ओतीव लोखंडाचे, संथ लयीचे आणि सहज दुरुस्त होणारे असे हे इंजिन होते. अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सी चालवणाऱ्यांना त्याच्या चिवटपणाविषयी वेगळे सांगायला नको. मात्र त्याच्या रचनेलाच काही मर्यादा होत्या. चार सिलिंडरांना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पोहोचवण्यासाठी त्याच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, दोनच वाटा आहेत, म्हणजे चाळीतल्या दोन बिऱ्हाडांनी मिळून एकच नळ वापरावा तशी शेजारच्या दोन सिलिंडरांनी एक वाट वापरायची. त्यामुळे सुरुवातीच्या एमजीबीची ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती एवढीच होती. त्या काळी ती पुरेशी होती, कारण गाडीचे वजन एक टनाहूनही कमी होते.

काळ बदलला तशा अडचणी आल्या. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. त्या पेट्रोलमधील शिसे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये वंगणासारखे काम करीत असे. ते गेल्यावर जुन्या मऊ बैठका झिजू लागल्या. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि जुने रबरी पाइप त्याने खराब होऊ लागले. तिसरी अडचण महामार्गाची आहे. ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसलेल्या एमजीबीचे इंजिन चौथ्या गिअरमध्येही मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेते, आणि दोन तास तो आवाज कानावर घेत जाणे हा सुखाचा प्रवास नव्हे.

या तिन्ही अडचणींवर इंजिन न बदलताही उपाय आहेत, हे मात्र आरंभीच सांगितले पाहिजे. हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवता येतात, इथेनॉल सहन करणारे पाइप मिळतात, आणि महामार्गावरच्या आवाजाचे दुखणे पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून बरेचसे जाते. ज्याची तक्रार एवढीच आहे त्याने इंजिनाला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होणारी, रोज कामावर नेता येणारी आणि आजच्या रहदारीत मागे न पडणारी गाडी ज्याला हवी आहे, त्याच्यासाठी पुढचा विचार आहे.

असे लोक हल्ली बहुधा माझदा एमएक्स-५ या जपानी गाडीच्या इंजिनाकडे वळतात, आणि त्यात एक औचित्य आहे. १९८९ मध्ये आलेली ही गाडी मुळात एमजीबी आणि लोटस एलान यांच्यासारख्या ब्रिटिश खुल्या गाड्यांची परंपरा पुढे नेण्यासाठीच घडवलेली होती. तिचे १.८ लिटरचे इंजिन जवळपास तेवढ्याच आकारमानातून सुमारे १३० अश्वशक्ती देते, आणि त्याच्या मागे पाच गिअरचा तयार गिअरबॉक्स जोडलेला असतो.

इंजिन हे एकटे यंत्र नव्हे

विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप असलेल्या शेतकऱ्याने हौसेने पाच अश्वशक्तीचा पंप बसवला, परंतु पाइप, सांधे, स्टार्टर आणि वायर जुन्याच ठेवल्या, तर काय होईल हे कोणत्याही गावात सांगता येईल. आधी वायर तापेल, मग एखादा सांधा निसटेल, आणि दोष मात्र पंपाला दिला जाईल. गाडीचे अगदी तसेच असते. इंजिनातून निघालेली ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी), दोन अ‍ॅक्सल, चाके आणि टायर अशा साखळीतून रस्त्यापर्यंत जाते, आणि या साखळीची प्रत्येक कडी मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा पीळ, लक्षात घेऊन घडवलेली असते. पीळ वाढवला की सर्वांत कच्ची कडी आधी तुटते. म्हणून अनुभवी कारागीर ‘कोणते इंजिन?’ या प्रश्नाआधी ‘मागचा अ‍ॅक्सल कोणता?’ हे विचारतो.

ताकदीपेक्षाही नाजूक बाब तोलाची आहे. स्पोर्ट्स कारची मजा केवळ वेगात नसते. वळणावर चालकाच्या हाताला जे कळते त्यात ती असते, आणि ते पुढच्या व मागच्या चाकांवर वजन कसे वाटले गेले आहे यावर अवलंबून असते. याची दोन उत्तम उदाहरणे खुद्द अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने घालून दिली आहेत, आणि एक दुसऱ्याच्या अगदी उलट आहे.

कारखान्याचेच दोन प्रयोग

१९६७ मध्ये कंपनीने एमजीबीच्याच सांगाड्यात २,९१२ सीसीचे सहा सिलिंडरांचे इंजिन बसवून एमजीसी नावाची गाडी आणली. ताकद सुमारे १४५ अश्वशक्तीपर्यंत गेली, पण नवे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होते. म्हणजे गाडीच्या पुढच्या टोकावर दीड माणूस कायमचा बसवल्यासारखे झाले. लांबी जास्त असल्यामुळे पुढचे सस्पेन्शन बदलावे लागले, उंची जास्त असल्यामुळे बॉनेटला फुगवटा काढावा लागला, आणि एवढे करून समीक्षकांनी तक्रार केली ती नाक जड असल्याचीच: स्टीअरिंग फिरवले तरी गाडी वळायला नाखूष असते, सरळच जाऊ पाहते. सुमारे ९,००० गाड्या बनवून १९६९ मध्ये ती बंद करण्यात आली.

दुसरा प्रयोग कारखान्याबाहेर सुरू झाला. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९६० च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमचे आठ सिलिंडरांचे इंजिन तयार केले होते. त्याचे हक्क पुढे ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने घेतले आणि ते ३,५२८ सीसीचे ‘रोव्हर व्ही-८’ म्हणून प्रसिद्ध झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी केन कॉस्टेलो या कारागिराने ते एमजीबीत बसवून अशा गाड्या विकायला सुरुवात केली, आणि ते पाहून कंपनीने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली. आठ सिलिंडर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अवजड धूड येते. परंतु अ‍ॅल्युमिनियममुळे या इंजिनाचे वजन मूळच्या लोखंडी चार सिलिंडरांच्या इंजिनाएवढेच, किंबहुना किंचित कमीच होते. ताकद १३७ अश्वशक्ती, म्हणजे एमजीसीपेक्षा थोडी कमी, पण तोल जवळपास मूळ गाडीचाच.

या गाडीत कारखान्याने आणखी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. कार्बुरेटर इंजिनाच्या वर न ठेवता मागच्या बाजूला सरकवले, त्यामुळे बॉनेटला फुगवटा काढावा लागला नाही. पुढच्या ब्रेकच्या डिस्क जाड केल्या. आणि डिफरेन्शियलचे प्रमाण ३.९ वरून ३.०७ वर आणले, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला आता जवळपास चारऐवजी तीनच फेरे मारावे लागू लागले. सायकलवर चढ संपून सपाटी लागली की आपण मागची लहान चकती निवडतो, त्यातलाच हा प्रकार. ताकदवान इंजिनाला धावाधाव करायला लावण्याऐवजी त्याला सावकाश चालू द्यायचे. १९७३ ते १९७६ या काळात अशा २,५९१ गाड्या बनल्या. तेलसंकटाच्या दिवसांत आलेली ही गाडी फारशी खपली नाही, पण इंजिनबदल कसा करावा याचा तिच्याइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

बसेल का? दोन बोटांच्या जागेचा प्रश्न

इंजिन बॉनेटखाली मावले म्हणजे बसले असे नव्हे. पहिली अडचण दिशेची असते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरवते. एमजीबीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने असते आणि मागची चाके फिरवते. आडव्या इंजिनाला तसे वळवता येते, पण मग त्याच्या मागे दुसराच गिअरबॉक्स लावावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाला बेलहाऊसिंग म्हणतात. दोहोंचे बोल्ट जुळत नसतील तर मध्ये मुद्दाम कापलेली जाड प्लेट घालावी लागते, आणि तिच्यात केसभर जरी चूक राहिली तरी क्लच आणि शाफ्टचे बेअरिंग अकाली जातात. माझदाचे इंजिन लोकप्रिय होण्याचे निम्मे कारण हेच आहे की ते मुळातच लांबीच्या दिशेने बसवलेले आहे आणि आपला गिअरबॉक्स बरोबर घेऊन येते.

दुसरी अडचण खालची. एमजीबीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक भक्कम आडवा तुळईसारखा भाग आहे. नव्या इंजिनाच्या तेलाच्या चेंबरचा फुगीर भाग नेमका त्यावर आला, तर चेंबर कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. तिसरी अडचण बाजूची. ब्रिटनमध्ये आपल्यासारखेच स्टीअरिंग उजवीकडे असते, आणि इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला मॅनिफोल्ड त्याच बाजूला आला तर स्टीअरिंगचा दांडा आणि तो एकमेकांना खेटतात.

अशी एक जुळवाजुळव मी इंग्लंडमधील एका छोट्या वर्कशॉपमध्ये जवळून पाहिली आहे. इंजिन साखळीच्या क्रेनवर लोंबकळत खाली येत होते आणि दोघे जण एक शब्द न बोलता, हाताच्या खुणांनी, ते सुतासुताने हलवीत होते. ते टेकल्यावर एकाने पोरांच्या खेळण्यातल्या मातीचे लिंबाएवढे गोळे केले आणि इंजिनाच्या वरच्या पाच-सहा उंचवट्यांवर ठेवले. मग त्याने बॉनेट हळूच मिटले, पुन्हा उघडले आणि दबलेला प्रत्येक गोळा सुरीने मधोमध कापून त्याची जाडी मोजली. एका ठिकाणी गोळा कागदाएवढा पातळ झाला होता. रस्त्यावरच्या धक्क्यांनी इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर थोडे हलते, त्यामुळे तिथे ते बॉनेटला आपटले असते. बॉनेट कापण्याचा विचारही कोणी बोलून दाखवला नाही. इंजिन पुन्हा वर उचलले गेले आणि माउंटिंगचे ब्रॅकेट नव्याने कापायला घेतले. त्या एका गोळ्यापायी त्यांचा उरलेला दिवस गेला.

सगळेच एवढा संयम दाखवीत नाहीत, आणि पूर्वी कारखानेही दाखवीत नसत. १९६४ मध्ये सनबीम अल्पाइन या लहान गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून सनबीम टायगर तयार झाली, तेव्हा इंजिन आत सरकावे म्हणून रंग दिलेल्या सांगाड्याचा बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधला पत्रा, कामगार मोठ्या हातोड्याने ठोकून आत दाबत असत. शेवटच्या स्पार्क प्लगपर्यंत हात पोहोचत नसल्यामुळे त्यासाठी त्याच पत्र्याला भोक ठेवावे लागले होते.

नव्या इंजिनाचा मेंदू आणि त्याच्या अटी

जुन्या इंजिनाला पेट्रोल पुरवतो तो कार्बुरेटर. पूर्वी डास मारण्यासाठी घरोघरी हातपंपाची पिचकारी असे. तिच्यात वाऱ्याचा झोत नळीच्या तोंडावरून जाताना खालचे औषध आपोआप वर ओढले जाई आणि त्याचा फवारा होई. कार्बुरेटरचे तत्त्व तेच आहे. त्याला वीज लागत नाही, आणि स्क्रू-ड्रायव्हर व चांगले कान असतील तर तो रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त करता येतो.

नव्या इंजिनात हे काम ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. इंजिन कितव्या अंशात फिरले आहे, आत किती हवा येत आहे, पाणी किती तापले आहे आणि बाहेर पडणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला आहे, हे निरनिराळे सेन्सर त्याला क्षणोक्षणी कळवतात आणि त्यानुसार तो पेट्रोलचा फवारा व ठिणगीची वेळ ठरवतो. डोळे मिटून ठरलेले मीठ घालणारा आचारी आणि दर पळीला चव घेऊन मीठ कमी-जास्त करणारा आचारी यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. थंडीत लगेच सुरू होणे, कमी पेट्रोल लागणे आणि धूर स्वच्छ असणे हे फायदे प्रामुख्याने या चव घेण्यामुळे मिळतात.

मात्र या मेंदूच्या अटी आहेत. तो मूळ गाडीच्या किल्लीतील चिपशी बांधलेला असेल, तर ती ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. म्हणून अनेक जण स्वतंत्र, हवा तसा जुळवता येणारा ईसीयू विकत घेतात. पेट्रोलचा दाबही वेगळा लागतो. एमजीबीच्या कार्बुरेटरला अतिशय हलका दाब पुरतो, तर फवाऱ्याच्या पद्धतीला वातावरणाच्या साधारण तिप्पट दाब लागतो. म्हणजे पंप, फिल्टर, पाइप आणि टाकीकडे परत जाणारी नळी हे सगळे नवे हवे. जुना पाइप तसाच ठेवून दाब वाढवणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, आणि काटकसर कुठेही करावी पण इथे करू नये.

आणखी एक खाच अशी की सुरुवातीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या सर्व गाड्यांत ऋण टोक जोडतात. ही अदलाबदल न करता ईसीयू जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळतो.

थांबणे आणि थंड राहणे

वेग वाढला की गाडीतील गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० किलोमीटरवरून १४१ वर गेल्यावर वेग दीडपटही झालेला नसतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते. म्हणून ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनची रबरी बुशिंग या गोष्टी इंजिनाच्या आधी बदलाव्यात, नंतर पैसे उरले तर नव्हे. उष्णतेचेही तसेच आहे. पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग रेडिएटरच्या पाण्यात जातो, त्यामुळे अधिक ताकद काढणाऱ्या इंजिनाला मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा लागतो.

मग ती गाडी तीच राहते का?

हा आक्षेप भावनेचा आहे तसाच कायद्याचाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे यासाठी गुणांची पद्धत होती. फेरफार झालेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक टिकवायचा असेल तर किमान ८ गुण लागत: सांगाड्याला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला अवघा १. एमजीबीला वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी आहे, आणि अशा रचनेला मोनोकॉक म्हणतात. याचा अर्थ असा की नुसते इंजिन बदलले तर नोंदणीला धक्का नव्हता, पण इंजिन मावावे म्हणून मोनोकॉक कापला तर तब्बल ५ गुण जाण्याची भीती होती. ऑगस्ट २०२५ च्या धोरणाने क्रमांक जाण्याची ही भीती कमी केली; पण इंजिन बदलल्याचे खात्याला कळवणे पूर्वीही बंधनकारक होते आणि आजही आहे. विमा कंपनीलाही कळवलेच पाहिजे, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.

तपासणीचा नियम वेगळा आहे आणि लोक तिथे गोंधळतात. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते, परंतु गेल्या ३० वर्षांत तिच्यात ‘भरीव बदल’ झालेला नसेल तरच. त्याच मॉडेलला कारखान्याने दिलेले पर्यायी इंजिन हा असा बदल मानला जात नाही. माझदाचे इंजिन मात्र असे कारखान्याचे पर्यायी इंजिन नव्हे. अशा गाडीने दरवर्षी तपासणी करून घेणे हा सरळ मार्ग आहे. खरे तर सूट मिळत असली तरीही ती करून घ्यावी असे मी म्हणेन, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांना आपल्या वेल्डिंगमधील चूक लवकर दिसते.

भारतात हाच प्रश्न अगदी उलट सोडवला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. त्यांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. ब्रिटिश पद्धतीने इंजिनाला अवघा एक गुण दिला. आपल्या नियमाने त्याला सांगाड्याच्या बरोबरीने बसवले. मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या घरात जुनी ब्रिटिश गाडी असेल आणि तिला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर नव्या इंजिनाचा मोह टाळलेलाच बरा.

‘मूळ इंजिनच सदोष असेल तर?’

ट्रायम्फ स्टॅगचे उदाहरण इथे पुन्हापुन्हा दिले जाते. १९७० ते १९७७ या काळातील या देखण्या गाडीचे २,९९७ सीसीचे व्ही-८ इंजिन तापण्यासाठी कुप्रसिद्ध होते. पाण्याचा पंप इतका उंचावर होता की पाणी थोडे कमी झाले तरी तो कोरडा पडे, आणि ओतकामातील वाळू काही इंजिनांच्या पाण्याच्या वाटांत राहून गेलेली असे. वैतागलेल्या अनेक मालकांनी ते काढून रोव्हरचे व्ही-८ बसवले, आणि त्या वेळी तो शहाणपणाच वाटला. पुढे हौशी मालकांच्या क्लबांनी आणि कारागिरांनी दोषाची कारणे शोधली. वाटा स्वच्छ करून, चांगला रेडिएटर लावून आणि टायमिंग चेन वेळेवर बदलून तेच इंजिन नीट चालते हे सिद्ध झाले, आणि आज मूळ इंजिन असलेल्या स्टॅगला अधिक मान आहे. ज्यांनी ते भंगारात दिले त्यांना परतीची वाट उरली नाही.

‘मग विजेची मोटरच का नको?’

तोही मार्ग आहे. जॅग्वारने २०१७ मध्ये ई-टाइपची विजेवर चालणारी आवृत्ती दाखवली तेव्हा मूळ यंत्रणा पुन्हा बसवता येईल यावर भर दिला होता. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, मात्र २०१९ मध्ये अशी गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही अशी भूमिका घेतली. माझ्या दृष्टीने यातही खरा मुद्दा वजनाचा आहे. बॅटरी कुठे आणि किती ठेवली यावरून गाडीचा तोल एमजीसीसारखा होईल की व्ही-८ सारखा, हे ठरते.

आपल्या अ‍ॅम्बॅसेडरने काय केले?

या सगळ्याला आपल्याकडचा एक दाखला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसेडरमध्ये जपानच्या इसुझूचे १,८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन बसवले आणि त्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही दिला. १९५० च्या दशकातील मॉरिस ऑक्सफर्डचा सांगाडा आणि त्याच्या पोटात जपानी इंजिन, म्हणजे एमजीबीत माझदा बसवणारे आज जे करतात तेच हे होते. ज्यांनी दोन्ही गाड्या चालवल्या आहेत त्यांना घाटात पडणारा फरक आठवत असेल, आणि त्याबरोबर हेही आठवत असेल की गाडी जोरात निघू लागल्यावर आधी ध्यान ब्रेककडे जाऊ लागले.

कारखान्याने केलेला बदल आणि मालकाने केलेला बदल यांत आपल्या कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी घ्यावी लागते.

विकत घेताना काय पाहावे

इंजिन बदललेली एमजीबी कोणी दाखवली तर मी बॉनेट उघडून आधी इंजिनाकडे पाहत नाही. आजूबाजूच्या पत्र्याकडे पाहतो. आतल्या बाजूंचे पत्रे आणि बल्कहेड न कापता केवळ बोल्टने बसवलेले ब्रॅकेट दिसले, नव्या वायरिंगचा वेगळा जुडगा जुन्या वायरी न तोडता टाकलेला दिसला, पेट्रोलचे पाइप तापलेल्या मॅनिफोल्डपासून दूर आणि पट्टीने धरलेले दिसले, तर काम जाणत्या हाताचे आहे असे समजतो. मग मालकाला एकच प्रश्न विचारतो: मूळ इंजिन कुठे आहे? मी पाहिलेल्या त्या वर्कशॉपमध्ये त्याचे उत्तर कोपऱ्यातच होते. बी सिरीजचे इंजिन लाकडी पाटावर उभे होते, प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडून भोके बंद केलेली होती, दोन्ही कार्बुरेटर फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवले होते, आणि त्याच्या क्रमांकाची चिठ्ठी तारेने बांधून गाडीच्या कागदपत्रांतही तिची एक प्रत लावलेली होती.